गणिताआधी गणिताचं वाक्य : मंगळवार पेठेतला बिनपाटीचा वर्ग

या वर्गाला नाव नाही, दारावर पाटी नाही आणि रिक्षाच्या पाठीमागं जाहिरातही नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका जुन्या दुमजली घराच्या माडीवर शनिवारी दुपारी ४ ते ६ आणि रविवारी सकाळी ८ ते १० असा तो भरतो. शाळेतनं निवृत्त झालेल्या एक बाई तो चालवतात. मुलं १४, सगळी आठवी ते दहावीची. फी महिन्याला ७०० रुपये. माझी थोरली नववीत आहे, ती जुलैपासून जाते. सात महिने झाले, आता बरंवाईट दोन्ही लिहिता येईल. नाव छापू नका असं बाईंनीच सांगितलंय, म्हणून ते लिहीत नाही. पेठेत कुणालाही ‘शब्दवाल्या बाई’ म्हणून विचारलं तरी घर दाखवतात.

मी उद्यमनगरात पॅटर्न मेकर आहे. फौंड्रीत वाळूचा साचा धरायला जो लाकडी नमुना लागतो तो आम्ही करतो. सविस्तर लिहितोय त्याला कारण आहे. आमच्यासारख्या घरातली पोरं सेमी इंग्रजीला घातली जातात, आणि चांगली डोकं असलेली पोरं ‘गणित कच्चं’ असा शिक्का घेऊन बसतात. माझ्या पोरीवर तो बसला होता. पाचवीपर्यंत तिचं सगळं मराठीत झालं, सहावीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीत. पाचवीपर्यंत हात वर करणारी पोरगी सातवीत मागच्या बाकावर गेली. आठवीत असताना तिला राजारामपुरीतल्या एका मोठ्या क्लासला घातलं. वर्षाची फी एकरकमी भरली. तिथं प्रत्येक धड्याच्या व्याख्या छापून द्यायचे आणि पाठ करून घ्यायचे. व्हेलॉसिटीची व्याख्या पोरीला झोपेतनं उठवून विचारली तरी यायची. पण तिच्या आजीनं एकदा विचारलं, “काय गं म्हंजे ते?” तर तिला काहीच सांगता आलं नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. वार्षिकला गणितात काठावर पास झाली. तेव्हा मी ठरवलं की आणखी एक तसलाच क्लास लावून उपयोग नाही.

बाईंकडं पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी फीचं काही काढलंच नाही. म्हणाल्या, “आठवीची उत्तरपत्रिका आणलीय का?” मी दुसऱ्या दिवशी ती घेऊन परत गेलो. बाईंनी चष्मा पुसला आणि एकेक पान वाचायला घेतलं. गुण बघितले नाहीत. पोरीनं काय लिहिलंय ते वाचत होत्या. एका गणितापाशी थांबल्या. प्रश्न असा होता : ‘फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर इज इलेव्हन. फाइंड द नंबर.’ पोरीनं लिहिलं होतं, ५ वजा २ एक्स बरोबर ११. पुढं सोडवून एक्सची किंमत उणे ३ काढली होती. त्यावर लाल फुली आणि शून्य गुण.

बाईंनी पेन्सिल घेतली आणि समीकरण सोडवलेल्या तिन्ही ओळींना बारीक बरोबरची खूण केली. “हे बघा, हिनं जे समीकरण मांडलं ते अचूक सोडवलंय. चिन्हं बदलायला कुठं चुकली नाही. उणे संख्येला घाबरली नाही. हिला समीकरण येतं.” मग तिच्याकडं वळून म्हणाल्या, “असं का मांडलंस?”

“मी असंच तर वाचलो की बाई. आधी फाइव्ह, मग लेस, मग ट्वाइस अ नंबर.”

“बरं. आता हेच मला मराठीत सांग.”

पोरगी जरा घुटमळली. मग म्हणाली, “एका संख्येच्या दुपटीपेक्षा ५ नं कमी... म्हणजे ११.” आणि बोलता बोलताच कागदावर २ एक्स वजा ५ बरोबर ११ असं लिहून मोकळी झाली. एक्स ८. दोन मिनिटं लागली नाहीत.

मी तिथंच बसलो होतो. वर्षभर जिला आम्ही ‘लक्ष देत नाहीस’ म्हणून बोलत होतो, तिनं सगळं लक्ष देऊन केलं होतं. मराठीत वाक्य बोललं की दुप्पट आधी येते आणि ५ नंतर येतात, कागदावर मांडायचं तेही त्याच क्रमानं. इंग्रजीत ५ आधी येतात आणि मांडताना ते मागं न्यावे लागतात. ही गोष्ट तिला शाळेत किंवा त्या मोठ्या क्लासात कुणी सांगितलीच नव्हती. मला तर ती ठाऊकच नव्हती.

पुढच्या आठवड्यात बाईंनी तीन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली. फाइव्ह लेस एक्स. फाइव्ह लेस दॅन एक्स. फाइव्ह इज लेस दॅन एक्स. पहिल्याचं ५ वजा एक्स. दुसऱ्याचं एक्स वजा ५. तिसऱ्यात वजाबाकीच नाही, ५ ही एक्सपेक्षा लहान एवढंच ते सांगतं. मधे एक ‘दॅन’ आला की क्रम फिरतो, एक ‘इज’ आला की सगळा अर्थच फिरतो. त्या दिवशी दोन तास ही तीनच वाक्यं चालली. पोरांनी प्रत्येकाची गोष्ट करून सांगायची होती : पैसे, वय, काहीही घ्या. पोरगी घरी आल्यावर मी विचारलं, आज काय झालं? म्हणाली, “तीन ओळी.” दुसरा कुणी बाप वैतागला असता. मला बरं वाटलं.

वर्गात सगळी पोरं सेमीची नाहीत. चौघं पूर्ण मराठी माध्यमाची आहेत, आणि शब्दांची अडचण त्यांनाही आहे. इंग्रजी नाही म्हणून गणिताची भाषा आपोआप कळते असं नसतं. ‘जास्तीत जास्त ५’ म्हटलं की त्यातली दोन पोरं ‘५ पेक्षा मोठी’ अशी खूण करायची. कानावर दोनदा ‘जास्त’ पडतं, मग हात तिकडंच वळणार. बाईंनी खिडकीतनं खाली बोट दाखवलं. गल्लीत फुटबॉल चालला होता. पेठेत तो बारमाही चालतो. “एका संघाचे मैदानात जास्तीत जास्त किती?” ११. “मग १२ चालतील?” न्हाई! “९ चालतील?” एक पोरगा म्हणाला, रेड कार्डं मिळाल्यावर चालतील की. “आणि ६?” इथं गप्प. खाली खेळणाऱ्यातल्या एका मोठ्या मुलाला हाक मारून विचारलं, तर त्यानं वरच्या वर सांगितलं, सातच्या खाली गेले तर मॅच चालत नाही. झालं. कमीत कमी ७, जास्तीत जास्त ११. मग संख्यारेषेवर ७ पासून ११ पर्यंत पट्टा रंगवला आणि दोन्ही खुणा त्याच्या दोन टोकांना लिहिल्या. आता त्या पोरांकडनं ही चूक होत नाही असं माझी पोरगी सांगते.

भिंतीवर एक कागद आहे, त्यावर पाच ओळी : वाच. काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग. कुठली रीत लावशील ते सांग. आता सोडव. उत्तर पूर्ण वाक्यात लिही. हे आपलं नव्हे, असं बाई स्वतःच सांगतात. १९७७ साली ऑस्ट्रेलियात अॅन न्यूमन नावाच्या बाईंनी मुलांच्या शाब्दिक उदाहरणांतल्या चुका अशा पाच पायऱ्यांवर लावून बघण्याची पद्धत मांडली, ती ही. मूल कुठल्या पायरीवर अडकलं ते आधी शोधायचं. उत्तर चुकलं म्हणजे आकडेमोड चुकली असंच आपण धरतो. पण तिथपर्यंत मूल पोचलेलंच नसतं, ते पहिल्या दुसऱ्या पायरीवर बसलेलं असतं. आमच्या धंद्यात कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून काढलेला भाग, बाद झालं की आधी विचारतो, पॅटर्न चुकला, वाळू चुकली की ओतताना चुकलं? सगळ्याला एकच उपाय करत नाही. पोरांच्या बाबतीत मात्र आम्ही ‘आणखी गणितं सोडव’ हाच एक उपाय धरून बसलो होतो.

आता वहीबद्दल. प्रत्येक मुलाकडं दोनशे पानी वही आहे, ती ‘शब्दवही’. एका शब्दाला एक पान. पानाच्या मधोमध शब्द, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आणि भोवती चार घरं. एका घरात अर्थ स्वतःच्या शब्दांत. दुसऱ्यात गुणधर्म. तिसऱ्यात उदाहरणं. चौथ्यात ‘हे नव्हे’. ही मांडणीही बाहेरची आहे, अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात १९६९ साली फ्रेयर यांनी केलेली. पण बाईंचा सगळा जोर चौथ्या घरावर असतो. मूळ संख्येच्या पानावर २, ३, ५, ७ कुणीही लिहील. ‘हे नव्हे’मध्ये माझ्या पोरीनं ९ लिहिले, बाईंनी आणखी दोन मागितले. शेवटी १ आणि ५१ आले. १ ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही. ५१ बघताना मूळ वाटते आणि १७ त्रिक ५१ निघते. पानावर ५१ भोवती तिनं लाल गोल केलाय. चक्रीय चौकोनाच्या पानावर ‘हे नव्हे’मध्ये समांतरभुज चौकोन काढलाय आणि खाली लिहिलंय : ‘पण आयत असला तर चालतो, कारण समोरचे कोन मिळून १८०.’ पाठ केलेल्या व्याख्येतनं असलं वाक्य येत नाही.

वहीच्या मागच्या बाजूला ‘दोन घरचे शब्द’ असा वेगळा भाग आहे. जे शब्द घरात एका अर्थानं वापरतो आणि पुस्तकात दुसऱ्या, ते तिथं. कार्य : घरी म्हणजे लग्नमुंज, विज्ञानात बल लावून वस्तू सरकली तरच कार्य. मूळ : झाडाचं, संख्येचं, वर्गमूळ, समीकरणाचं मूळ. अंश : अपूर्णांकाचा वरचा आकडा, कोनाचा अंश आणि तापाचाही अंश. छेद. पद. चल : ‘चल ये’ मधला आणि समीकरणातला. क्षार : बोअरच्या पाण्यातले आणि आम्ल-आम्लारीच्या धड्यातले. इंग्रजीचे वेगळे : पॉवर, वर्क, व्हॉल्यूम, टेबल, मीन.

यातला ‘विस्थापन’ शब्द माझ्या मनात घर करून राहिलाय. बाईंनी विचारलं, विस्थापन म्हणजे काय? एक मुलगी म्हणाली, “आमचं झालंय.” तिच्या आजोबांचं गाव धरणात गेलं. बाईंनी तिला थांबवलं नाही. आजोबा कुठनं कुठं आले, मधे कुठं कुठं राहिले, ते तिला सगळं सांगायला लावलं. मग फळ्यावर जुनं गाव आणि आताची वसाहत असे दोन ठिपके काढले आणि मधे जिथं जिथं राहिले तेही. “हे सगळं फिरले ते अंतर. आणि जिथनं उठले तिथनं जिथं बसले तिथपर्यंतची ही सरळ रेघ, तिच्या दिशेसकट, हे विस्थापन. पुस्तकातलं विस्थापन एवढंच मोजतं. तुझ्या आजोबांचं एवढंच नव्हतं.” मग रंकाळ्याला पूर्ण फेरी मारून त्याच बाकावर येऊन बसलं तर किती, हे सगळ्यांना विचारलं. अंतर एक फेरी, विस्थापन शून्य. माझ्या पोरीनं घरी येऊन हे आजीला सांगितलं, आणि आजीला ते कळलं.

मलाही या वर्गानं एक शब्द दिला. दर महिन्याला कुणा एका पालकानं आपल्या कामातली वस्तू घेऊन वर्गात यायचं असा नेम आहे. सप्टेंबरात माझी पाळी आली. मी दोन ठोकळे नेले, दोन्ही ५ सेंटिमीटर बाजूचे, एक सागवानाचा आणि एक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. पोरांनी दोन हातांत दोन धरले. लाकडाचा ८० ग्रॅमच्या आसपास, बिडाचा ९०० ग्रॅम. बाईंनी शब्द मागायला सुरुवात केली. दोघांचं काय सारखं? एक पोरगी म्हणाली आकारमान, दुसरा म्हणाला घनफळ. वाद लागला. दोघंही बरोबर. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला आकारमान म्हणतात, गणिताच्या पुस्तकात घनफळ, आणि सेमीत दोन्हीकडं व्हॉल्यूम. एकाच शाळेत, एकाच दिवशी, एका गोष्टीला दोन नावं, आणि ती एकच आहे हे पोराला सांगायला कुणी नाही. काय वेगळं? वस्तुमान. मग भागाकार करून घनता, बिडाची ७.२. पुस्तकातला तो आकडा पोरांच्या तळहातावर बसला होता.

मग बाईंनी मला विचारलं, पॅटर्न आणि कास्टिंग एका मापाचे असतात का? मी सांगितलं, नाही. बीड थंड होताना आकसतं, म्हणून मीटरला १० मिलिमीटर वाढवून पॅटर्न करावा लागतो. त्यासाठी आमची पट्टीही वेगळी असते, श्रिंकेज स्केल, तिच्यावरचे मिलिमीटरच जरा मोठे. बाई पोरांना म्हणाल्या, “म्हणजे मशिनवर तासायला जादा सोडलेलं बाजूला ठेवलं, तर पॅटर्न आणि कास्टिंग एकमेकांना काय झाले?” दहावीतला एक पोरगा म्हणाला, समरूप. गुणोत्तर १०१ ला १००. “आणि एकाच पॅटर्नवर काढलेली दोन कास्टिंग?” एकरूप.

मी २६ वर्षं हे काम करतोय. दहावीला समरूपतेची प्रमेयं पाठ केली होती, आयटीआयला गेल्यावर सगळं इंग्रजीत आलं आणि जुने शब्द मागं पडले. ज्याच्यावर माझं घर चालतं त्याला समरूपता म्हणतात, हे मला त्या माडीवर एका पंधरा वर्षांच्या पोरानं सांगितलं. घरी येताना गाडी चालवताना मी तो शब्द दोनतीनदा मोठ्यानं म्हटला.

वर्तमानपत्र वाचायला लावणं ही आणखी एक चांगली सवय. पावसाळ्यात आमच्याकडं रोज एक बातमी असतेच : पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी किती फुटांवर, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. पण ‘एका स्वयंचलित दरवाजातून १४२८ क्युसेक विसर्ग’ या वाक्याचा अर्थ आमच्या घरात कुणी लावला नव्हता. बाईंनी तेच वाक्य दोन तास घेतलं. विसर्ग म्हणजे? एकानं सांगितलं, ‘दुःख’मधले दोन ठिपके. तेही खरं, आणि बाहेर सोडणं हा अर्थ दोन्हीकडं आहे : तिथं श्वास, इथं पाणी. क्युसेक हा एक शब्द नाही, तीन शब्द दाबून केलेला आहे : क्युबिक, फूट, सेकंद. एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर. म्हणजे एका दरवाजातनं दर सेकंदाला ४० हजार लिटर. सातही उघडले तर १० हजार क्युसेकला चारच कमी. मग एका मुलानं विचारलं, “बाई, ४० हजार लिटर म्हंजे किती टँकर?” पाण्याचा टँकर १० हजार लिटरचा धरला तर सेकंदाला चार. सगळी पोरं गप्प झाली. आमच्या गल्लीत दोनदा पाणी शिरलंय. आता पोरगी ती बातमी मला वाचून दाखवते आणि पातळी आणि विसर्ग यातला फरक समजावून सांगते : एक फुटात मोजतात, दुसरा सेकंदाला किती ते सांगतो.

शब्द आला कुठनं हेही बाई सांगतात, पण वेळ बघून. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, वर्तुळातली जीवा तशीच दिसते म्हणून ते नाव. त्याच ‘जीवा’चं पुढं काय झालं ते ऐकून मी थक्क झालो. अरबांनी हा शब्द उच्चारासकट घेतला, त्यांच्या लिपीत तो ‘जैब’ असा वाचला गेला, जैब म्हणजे कपड्याची खोळ, आपण खिशाला जेब म्हणतो तोच शब्द. लॅटिनमध्ये नेणाऱ्यांनी त्या खोळीचं भाषांतर ‘सायनस’ केलं, आणि त्याचा झाला साइन. म्हणजे दहावीच्या त्रिकोणमितीत पोरं ज्याला घाबरतात तो साइन आपल्याकडनंच गेलेला आहे. अपवर्तन आणि परावर्तन यात गोंधळ व्हायचा, तेव्हा ‘परावर्तन म्हणजे परत’ एवढं धरायला सांगितलं आणि अपवर्तनाला पाण्यातली वाकडी दिसणारी पट्टी दाखवली. अडलं की त्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश काढतात, कपाटात भौतिकशास्त्राचा आणि गणिताचा आहे. पण कोशात आहे म्हणून जड शब्द पोरांच्या माथी मारत नाहीत. ‘डेन्सिटी’ म्हटलं तरी चालतं, ‘घनता’ म्हटलं तरी चालतं, सांगता आलं पाहिजे. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातल्या ‘पन्नास तीन’वरून, म्हणजे त्रेपन्न असं फोडून वाचण्यावरून, केवढा वाद झाला होता. माझा धाकटा तेव्हा दुसरीत होता. मला तेव्हा ते अजिबात पटलं नव्हतं. बाई म्हणतात, त्रेपन्नही यायला पाहिजे आणि त्रेपन्न म्हणजे पन्नास आणि तीन हेही दिसायला पाहिजे. हे मला पटतं.

आता ज्या गोष्टी कमी पडतात त्या. पोर्शन पूर्ण होत नाही. होणारच नाही, कारण तीन ओळींना दोन तास जातात. दहावीच्या पोरांना फक्त या वर्गावर ठेवलं तर बोर्डाच्या सरावाला अडचण येईल. प्रश्नपत्रिका सोडवून घेणं, वेळ लावून लिहिणं, हे इथं नाही. आमच्या शेजारच्यांनी दिवाळीनंतर मुलाला काढलं ते याच कारणानं, आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. जीवशास्त्राचा भागही उरकता होतो. बाई गणित आणि भौतिकशास्त्रात रमतात, रसायनशास्त्रापर्यंत ठीक, पण पेशी, ऊती, अनुवंश हे शब्द पोरांच्या वहीत घाईघाईनं आलेले दिसतात, ‘हे नव्हे’चं घर बऱ्याच पानांवर रिकामं आहे. मी हे बाईंना बोललो, त्यांनी मान्य केलं आणि कुणीतरी जीवशास्त्राचं माणूस शोधतोय म्हणाल्या. अजून मिळालेलं नाही. वही पूर्ण करायला घरी रोज अर्धा तास जातो, त्यात शाळेचा गृहपाठ मागं पडतो. आणि जिना फार अरुंद आणि उभा आहे. पावसाळ्यात ओल्या चपलांनी पोरं चढतात, मला भीती वाटते. जिन्याला पकडायला दोर तरी बांधा, लाकडी कठडा मी करून देतो असं सांगितलंय. घरमालकांची परवानगी व्हायचीय.

पालकांना एक गोष्ट जड जाईल : पहिले दोन महिने गुणांत काही फरक दिसत नाही. आमच्याकडं ऑगस्टच्या घटक चाचणीत तर आधीपेक्षाही कमी पडले, कारण पोरगी प्रत्येक प्रश्न तीनदा वाचत होती आणि पेपर अपुरा राहिला. मी तेव्हा काळजीत पडलो होतो. सहामाहीला गणित भाग १ मध्ये ४० पैकी २८ आले, विज्ञानात त्याहून एक जास्त. वर्गात पहिली वगैरे आली नाही. पण पेपर हातात आल्यावर चुकलेल्या गणितावर बोट ठेवून ती मला म्हणाली, “पप्पा, हितं मी आकडेमोड चुकलो. आणि हितं मला ‘रिस्पेक्टिव्हली’ कळालं नाही, तिथं दोन मार्क गेले.” चूक कुठली आणि कशानं, हे तिचं तिला सांगता आलं. ‘रिस्पेक्टिव्हली’चं पान आता वहीत आहे, मधल्या घरात मराठीत ‘अनुक्रमे’, आणि उदाहरणाला तिनं आमच्या घरातल्या तिघांची नावं आणि वयं त्याच क्रमानं लिहिलीत.

कुणासाठी हा वर्ग? सेमीला नुकतं गेलेलं मूल असेल, किंवा घरी तोंडी हिशेब चटकन करतं पण शाब्दिक उदाहरण आलं की पान उलटतं असं मूल असेल, तर डोळे झाकून घाला. आठवी हे योग्य वर्ष. दहावीला जाऊन घालणार असाल तर सोबत सरावाची सोय दुसरीकडं करा. ज्याला पाठांतरानं चांगले गुण मिळतायत आणि तेवढंच हवंय, त्याला इथं करमणार नाही.

पुढची तुकडी शाळा सुरू झाल्यावर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. जागा चौदाच, त्यातल्या दहावीच्या पाच रिकाम्या होतील. भेटायला शनिवारी दुपारी साडेतीनला जा, वर्ग सुरू झाल्यावर बाई बोलत नाहीत. मुलाला सोबत न्या आणि गेल्या वर्षीची गणिताची उत्तरपत्रिका विसरू नका, कमी गुणांची असली तरी.